मागच्या सीटवरून पडला, डोक्याच्या मागे मार लागला आणि शुद्धच आली नाही. लहान मेंदूच्या दुखापतीत नेमकं काय घडतं?

रविवारची सकाळ आहे. नवरा-बायको दुचाकीवरून लग्नाला निघालेत. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, कारण पावती त्याच्या नावावर फाटते. बायको मागे एका बाजूला पाय सोडून बसली आहे. एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या हाताने पदर धरलेला. पुढे रंग उडालेला स्पीडब्रेकर येतो, नवऱ्याच्या तो उशिरा लक्षात येतो आणि गाडी उडते. नवरा हँडल धरून असल्यामुळे सावरतो. ती मागच्या मागे पडते.

रक्त फारसं येत नाही. ती उठून बसते आणि म्हणते, "काही नाही झालं, चला." तासाभरात तिला उलटी होते. बोलणं जड होतं, झोप यायला लागते. संध्याकाळपर्यंत ती आयसीयूत व्हेंटिलेटरवर असते आणि बाहेर सगळे एकच प्रश्न विचारत असतात, "डॉक्टर, शुद्धीवर कधी येणार?"

हा प्रसंग आम्ही समजावण्यासाठी रचलाय. पण तुमच्या गावात, गल्लीत किंवा नात्यात असं एक तरी घर असेल. डोक्याला मार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपाळ येतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लागलेल्या माराबद्दल आपण फार कमी बोलतो. म्हणून आज हा विषय पहिल्यापासून समजून घेऊ.

आधी आकडे बघू

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त मृत्यू झाले. मृतांमध्ये सगळ्यात मोठा वाटा दुचाकीवरच्या लोकांचा होता, साधारण ४४ टक्के.

आता त्याच अहवालातला एक आकडा नीट वाचा. हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांचा मृत्यू झाला. त्यातले १४ हजार ३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते.

म्हणजे रोज सरासरी ३९ जण, ज्यांच्या हातात ना हँडल होतं ना ब्रेक. हे झाले फक्त मृत्यू. जे वाचले पण पूर्वीसारखे झाले नाहीत, ते या आकड्यात नाहीत.

लहान मेंदू असतो कुठे आणि करतो काय?

शाळेत मेंदूचे तीन भाग शिकलो होतो, आठवतात का? वरचा मोठा मेंदू म्हणजे प्रमस्तिष्क. मागे खाली असतो तो लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क. आणि या दोघांना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग, त्याला आपण मेंदूचा देठ म्हणू. इंग्रजीत त्याला ब्रेनस्टेम म्हणतात.

मानेवरून हात वर नेलात की कवटीचा फुगीर भाग लागतो. त्याच्या आत, थोडा खाली, तुमचा लहान मेंदू असतो. त्याचा आकार सगळ्या मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या छोट्याशा भागात असतात.

काम काय करतो? हालचालींचा ताळमेळ बसवतो. चहाचा कप न सांडता तोंडापर्यंत नेणं, जिन्यावरून खाली बघत न बसता उतरणं, टायपिंग, तबला, सायकल, शब्दांचा स्पष्ट उच्चार, हे सगळं त्याच्या भरवशावर चालतं. "हात हलव" हा हुकूम मोठा मेंदू देतो. हात किती हलवायचा, किती वेगात आणि कुठे थांबवायचा, याचा हिशोब लहान मेंदू ठेवतो.

दारू प्यायलेला माणूस झोकांड्या का खातो? त्यामागे दारूचा लहान मेंदूवर होणारा परिणाम हे मोठं कारण आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

मग लहान मेंदूला मार लागल्यावर शुद्ध का हरपते?

इथे खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. माणूस जागा राहणं, शुद्धीत असणं हे लहान मेंदूचं कामच नाही. २०१४ मध्ये चीनमधल्या एका २४ वर्षांच्या महिलेबद्दल डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तिला जन्मतःच लहान मेंदू नव्हता. तिला चालायला उशिरा आलं, तोल जायचा, बोलणं जरा अडखळत होतं. पण ती शुद्धीत होती, बोलत होती, तिचं लग्न झालं होतं, तिला मूलही होतं.

मग ज्या भागाशिवायही माणूस जागा राहतो, त्या भागाला मार लागल्यावर तो आठवडेच्या आठवडे बेशुद्ध कसा राहतो? उत्तर आहे शेजारी.

लहान मेंदूच्या अगदी पुढे, चिकटून, मेंदूचा देठ असतो. जागं राहण्याची यंत्रणा या देठाच्या वरच्या भागातून निघते. श्वास आणि हृदयाची गती सांभाळणारी केंद्रंही देठातच आहेत. लहान मेंदू आणि देठ कवटीच्या एका छोट्या, घट्ट कप्प्यात बसलेले असतात. खाली आणि मागे हाड, वर एक जाड पडदा. जागा एकदम मोजकी.

गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांसमोर आणा. डबा भरलाय, त्यात अजून चार माणसं घुसली तर दाराजवळच्या माणसाचं काय होतं? इथेही तसंच होतं. लहान मेंदूला मार लागून त्यात रक्त साचलं किंवा सूज आली तर भिंती सरकत नाहीत. दाब थेट देठावर येतो आणि शुद्ध जाते. दाब वाढत राहिला तर श्वासही थांबू शकतो.

दुसरी अडचण पाण्याची. मेंदूत सतत एक द्रव तयार होत असतो आणि वाहून जात असतो. त्याच्या वाटेतली एक अरुंद पोकळी नेमकी देठ आणि लहान मेंदू यांच्या मध्ये आहे. सुजेमुळे ती बंद झाली की नाल्यात कचरा अडकल्यासारखं होतं, पाणी मागे तुंबतं आणि सगळ्या मेंदूवरचा दाब वाढतो.

तिसरी शक्यता अशी, की धडक इतकी जोराची असते की त्याच झटक्यात देठाला आणि मेंदूच्या खोलवरच्या तंतूंनाही इजा होते. अशा वेळी माणूस पहिल्या क्षणापासून बेशुद्ध असतो. बेशुद्धी २४ तासांच्या पुढे गेली तर डॉक्टर तिची नोंद वेगळी आणि जास्त गंभीर म्हणून घेतात.

"थोडा वेळ तर नीट बोलत होता ना!"

हे वाक्य अपघात विभागातल्या डॉक्टरांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. कवटीच्या मागच्या हाडाला तडा गेला की आतली मोठी रक्तवाहिनी फाटू शकते. कधीकधी हे रक्त हळूहळू साचतं. तोपर्यंत माणूस बोलतो, फोन करतो, पाणी मागतो. कप्पा भरत आला की मग मात्र सगळं फार झपाट्याने बिघडतं. मोठ्या मेंदूभोवती निदान थोडी जागा असते, इथे तीही नसते.

म्हणून डोक्याच्या मागे मार लागल्यावर पुढचे एक-दोन दिवस या खुणांवर लक्ष ठेवा:

- डोकं, विशेषतः मागची बाजू आणि मान, वाढत्या वेगाने दुखणं
- पुन्हा पुन्हा उलट्या
- चालताना झोकांड्या, बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं
- नेहमीपेक्षा जास्त झोप, हाक मारल्यावर उशिरा प्रतिसाद
- फिट येणं
- कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणं, कानामागे काळंनिळं होणं

यातलं एक जरी दिसलं तरी "सकाळी बघू" म्हणायचं नाही. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जायचं. एक बारकावा अजून: मागच्या भागात हाड जाड असल्यामुळे तिथलं सीटी स्कॅनचं चित्र थोडं धूसर येऊ शकतं. डॉक्टरांनी काही तासांनी पुन्हा स्कॅन करायला सांगितलं तर "बिल वाढवतायत" असं समजू नका. पहिल्या स्कॅनमध्ये छोटं दिसलेलं रक्त दुसऱ्यात वाढलेलं असू शकतं.

आणि आता दारूची गोष्ट. रात्री रस्त्याच्या कडेला एखादा माणूस झोकांड्या खातोय, बोबडं बोलतोय, उलटी करतोय. आपण काय म्हणतो? "जास्त झालीय त्याला." पण वरची यादी परत वाचा. लहान मेंदूला मार लागलेला माणूस हुबेहूब असाच दिसतो. त्याने खरंच दारू घेतली असेल तरी डोक्याला मार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. जवळ पडलेली गाडी, फुटलेला आरसा, कपड्यांवरची माती दिसली तर १०८ ला फोन करा. त्याचा व्हिडिओ काढायला नंतरही वेळ मिळेल.

रुग्णालयात "जीसीएस किती?" असं का विचारतात?

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हळूहळू एक नवा शब्द कळतो, जीसीएस. म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ही मोजपट्टी मांडली. त्यात तीनच गोष्टी बघतात. डोळे उघडतो का, यासाठी ४ गुण. बोलतो का, यासाठी ५. सांगितल्यावर हात-पाय हलवतो का, यासाठी ६. एकूण १५.

१३ ते १५ म्हणजे सौम्य दुखापत, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. सगळ्यात कमी गुण ३ असतात, शून्य नसतो. त्यामुळे कुणी "तीन मार्क तरी आहेत" म्हणून दिलासा देत असेल तर नीट समजून घ्या, ३ म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही.

पण एका दिवसाच्या आकड्यावरून भविष्य ठरत नाही. झोपेची औषधं चालू असतात, घशात नळी असल्यावर बोलता येत नाही. म्हणून डॉक्टरांना "आज किती?" इतकंच विचारू नका. "कालपेक्षा वाढला की कमी झाला? आणि झोपेचं औषध चालू आहे का?" हेही विचारा.

लहान मेंदूच्या दुखापतीत शस्त्रक्रियेची वेळ फार महत्त्वाची असते. गरज असेल तर कवटीच्या मागच्या हाडाचा तुकडा काढून रक्त बाहेर काढतात, तुंबलेलं पाणी नळीने काढतात. दाब वेळेत उतरला आणि देठाला मूळ इजा झालेली नसेल तर रुग्ण चांगला सावरू शकतो. म्हणूनच पहिल्या काही तासांवर डॉक्टर इतका भर देतात.

सिनेमातला कोमा आणि खरा कोमा

सिनेमात काय होतं? नायक वर्षानुवर्षं कोमात, दाढी केलेली, चेहरा ताजातवाना. नायिका गाणं म्हणते, बोट हलतं आणि पुढच्या सीनमध्ये तो घरी.

खरा कोमा बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. त्या काळात रुग्ण जागा व्हायला लागतो, किंवा दगावतो, किंवा वेगळ्या अवस्थेत जातो. या अवस्था वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते.

कोमा: डोळे बंद. हाक मारा, चिमटा काढा, जाग येत नाही.

जागा पण भान नाही: डोळे उघडतात, झोप-जाग यांचं चक्र चालू होतं, श्वास स्वतः घेतो. पण समोर कोण आहे याची जाणीव असल्याची खूण दिसत नाही. यालाच वैद्यकीय भाषेत व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. घरच्यांसाठी हा सगळ्यात अवघड टप्पा असतो, कारण डोळे उघडले की वाटतं, आला शुद्धीवर.

थोडंसं भान: कधी नजरेने पाठलाग करतो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो, कधी काहीच नाही.

मेंदूमृत्यू: हा कोमा नव्हे. इथे देठासकट मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं, श्वास फक्त यंत्रावर चालतो. अवयवदान करायचं असेल तर कायद्यानुसार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हे जाहीर करतं. यातून कुणी परत येत नाही. "अमक्या ठिकाणी मेंदूमृत माणूस उठून बसला" असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

मग आशा कुठे आहे? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे वेळ. अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मार लागल्यामुळे आलेली ही अवस्था १२ महिने टिकली तर तिला दीर्घकालीन म्हणायचं. ऑक्सिजन तुटणं किंवा अशा इतर कारणांनी आली असेल तर हीच मुदत ३ महिने आहे. म्हणजे अपघातातल्या रुग्णाला सावरायला जास्त काळ मिळतो, हे विज्ञान मान्य करतं.

दुसरं जास्त अस्वस्थ करणारं आहे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, "तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर." तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला, जो निरोगी माणसाचा उजळतो. २०२४ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बाहेरून कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना ऐकून काम करत असल्याचं दिसलं. चारातला एक.

याचा अर्थ ते सगळे बरे होतील असा नाही. पण एक साधी गोष्ट आजपासून पाळता येईल. रुग्णाच्या उशाशी उभं राहून "आता काही खरं नाही", "पैसे संपले" असं बोलू नका. त्याला ऐकू येत असण्याची शक्यता आहे.

शुद्ध आली. पुढे काय?

"डोळे उघडले, घरातल्यांना ओळखलं" इथे बातमी संपते. घराची कसोटी मात्र इथून सुरू होते. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाची ताकद असते, ताळमेळ नसतो. ग्लास धरायला जातो आणि हात पुढे निघून जातो. चालताना पाय फाकवून, भिंत धरून चालतो. बोलणं तुटक, चढउतार विचित्र. गिळताना ठसका लागतो, आणि अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. काहींचा राग आवरत नाही, कामाची आखणी जमत नाही.

लोकांना वाटतं हा नाटक करतोय, कारण हातापायात लुळेपणा दिसत नाही. अशा वेळी फिजिओथेरपी, बोलण्याची आणि गिळण्याची थेरपी, घरात धरायला दांड्या, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी, हेच खरं औषध असतं. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पण नंतरही होत राहू शकते.

बिल कोण भरणार?

आता मुद्द्याचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 'गोल्डन अवर' म्हणजे दुखापतीनंतरचा पहिला एक तास असं लिहिलंय आणि त्या काळात कॅशलेस उपचारांची योजना करणं केंद्रावर बंधनकारक आहे. योजना येत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मुदत घालून दिली आणि अखेर ५ मे २०२५ ला योजना अधिसूचित झाली. अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत.

चांगली गोष्ट आहे. पण ज्या रुग्णाला दोन महिने शुद्धच येत नाही, त्याच्या घरच्यांचा आठवा दिवस उजाडतोच. तिथून पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं कवच मदतीला येऊ शकतं, रुग्णालय योजनेत असेल आणि उपचार यादीत असतील तर. म्हणून दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. मूळ कायद्यात अर्जासाठी ६ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे "आधी तो शुद्धीवर येऊ दे" म्हणून थांबू नका. सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि पुढच्या उपचारांचा खर्चही मागता येतो, सगळ्या पावत्या जपून ठेवा. धडक देऊन गाडी पळून गेली असेल तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाखांची वेगळी तरतूद आहे. खड्ड्यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलंय.

आणि एक अडचण कुणी सांगत नाही. पगार नवऱ्याच्या खात्यात आहे, नवरा बेशुद्ध आहे, बँक सही मागते. कोमातल्या माणसाचा पालक कोण, हे ठरवणारा सरळ कायदाच आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने यासाठी सूचना घालून दिल्या. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा प्रकरणांत पत्नीला पालक नेमलंय. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. स्वतःच्या पैशातून स्वतःच्याच नवऱ्याचा उपचार करायला. निदान एक खातं दोघांच्या नावावर ठेवणं आज आपल्या हातात आहे.

आणि शुद्ध कधीच आली नाही तर?

हा प्रश्न महाराष्ट्राने ४२ वर्षं पाहिलाय. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा ऑक्सिजन तुटला. म्हणजे इजा अपघाताची नव्हती, पण पुढचा प्रश्न तोच होता. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळलं. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला आणि आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येतं. उपचार थांबवायचे असतील तर डॉक्टरांच्या दोन वेगळ्या मंडळांचं मत लागतं.

हे मरणाबद्दलचं कागदपत्र वाटतं, पण ते मागे राहणाऱ्यांसाठी असतं. "तुझ्या बाबांना काय हवं होतं?" या प्रश्नाचं उत्तर पंचविशीतल्या मुलाला आयसीयूच्या दारात एकट्याने द्यावं लागू नये, म्हणून.

परत येऊ हेल्मेटवर

पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरोधात लोकांनी पुणेरी पगडी घालून आंदोलन केलं होतं. त्यावर मीम्स भरपूर झाले. मान दुखते, केस गळतात, शहरात वेगच कुठे असतो, ही कारणं आपण सगळ्यांनी दिलीत. पण बसलेल्या उंचीवरून मागच्या मागे डांबरावर पडलेल्या डोक्याला जिवावरची इजा व्हायला महामार्गाचा वेग लागत नाही.

जगभरातल्या अभ्यासांचा २००८ चा आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. कायद्यातलं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, मागे बसणाऱ्यालाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांनी मागच्यांवरही कारवाईचे आदेश काढले. जून २०२५ मध्ये केंद्राने नव्या दुचाकीसोबत दोन हेल्मेट देण्याच्या नियमाचा मसुदा आणला.

पण रस्त्याकडेला मिळणारी अर्धी टोपी दंड वाचवते, लहान मेंदू वाचवत नाही. ती कानाच्या वरच संपते. ज्या फुगीर भागावर तुम्ही मघाशी हात ठेवला होता, तो उघडाच राहतो. आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ असं लिहिलेलं, डोक्याची मागची बाजू पूर्ण झाकणारं हेल्मेट घ्या. पट्टा लावा, नाहीतर पडताना ते आधी उडून जातं. मागे बसणाऱ्याने शक्य तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं आणि पकडायला एक हात मोकळा ठेवावा. आहेराची पिशवी पुढे अडकवता येते.

अपघात दिसला तर पुढे व्हा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि कायद्यातल्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. जखमीची मान वाकवू नका, पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि अंग एकत्र धरून कुशीवर वळवा. १०८ किंवा ११२ लावा.

आणि उद्या गाडी काढताना हुकावर एकच हेल्मेट दिसलं, तर ते कुणाच्या डोक्यावर जाणार आणि कुणाचं डोकं उघडं राहणार, एवढा एकदा विचार करा. मागे बसलेल्या माणसाला पुढचा स्पीडब्रेकर दिसतच नसतो.